एकदाचा बाप्तिस्मा, रोजचा विश्वास : खानदेशाच्या संदर्भात एक विवेचन

बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो. पाण्यात बुडवून दिलेला असो की डोक्यावर पाणी ओतून, विधी काही मिनिटांत आटोपतो. मंडळीच्या नोंदवहीत नाव, तारीख आणि पाळकाची सही पडते. विश्वासाची मात्र अशी नोंद कुठे होत नाही. तो लागतो दुकानाच्या गल्ल्यावर, कापसाच्या वेचणीत, घरातल्या आजारपणात, भावाच्या मुलीच्या लग्नात. एकदाच होणारी ही क्रिया आणि रोज करावी लागणारी ही साधना यांचा एकमेकींशी नेमका संबंध काय, हा या लेखाचा विषय आहे.

प्रश्न जुना आहे आणि जगभरचा आहे. तरी तो खानदेशात उभे राहून विचारावा, असे मला वाटते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी भरले, आणि त्यातले बहुतेक मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यातले. जळगाव-धुळ्याकडे ख्रिस्ती कुटुंब वस्तीत एकटे-दुकटे असते. वसईच्या गावात चर्चची घंटा, सण आणि शेजार मिळून माणसाला ख्रिस्ती ठेवतात. चाळीसगाव किंवा पाचोऱ्याच्या ख्रिस्ती माणसाला असा आधार नाही. त्यामुळे बाप्तिस्म्याने त्याच्यात काय घडवले आणि काय घडवले नाही, हे इथे उघडे दिसते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. खानदेशातल्या आणि एकूण मराठी ख्रिस्ती समाजात बाप्तिस्म्याच्या पद्धतीवर आणि आकड्यावर जितके लक्ष गेले, तितके त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शिकवणीवर गेले नाही. विरोधकही त्या पाण्याच्या क्षणाकडेच बघत राहिले आणि सरकारही. ख्रिस्ती परंपरेचा स्वतःचा तर्क मात्र वजन वेगळ्या जागी ठेवतो.

विधीत काय असते

बाप्तिस्म्याचे घटक तीन : पाणी, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाचा उच्चार, आणि विश्वासाची कबुली. ही कबुली घेणारा स्वतः देतो, किंवा तान्हे मूल असेल तर आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता देतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने याला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि उठणे असा अर्थ दिला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूची जी आज्ञा येते, तिच्यात क्रम असा आहे की आधी शिष्य करायचे, मग बाप्तिस्मा द्यायचा, मग शिकवायचे. बाप्तिस्मा मध्ये आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना शिकणे आहे, आणि यातली दुसरी बाजू सर्वांत दुर्लक्षित राहिली.

पहिल्या पिढ्यांना पद्धतीचा फारसा हट्ट नव्हता. ‘दिदाखे’ हा पहिल्या-दुसऱ्या शतकातला छोटा ग्रंथ सांगतो की वाहते पाणी असेल तर उत्तम, नसेल तर साठलेले चालेल. थंड नसेल तर कोमट. आणि दोन्ही पुरेसे नसतील तर डोक्यावर तीनदा ओतावे. गिरणा आणि पांझरा उन्हाळ्यात ज्या अवस्थेत असतात ती पाहिलेल्या माणसाला ही सवलत लगेच पटेल! पण त्याच ग्रंथात एका गोष्टीला सवलत नाही : बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपवास करायचा, आणि त्याआधी जीवनाच्या मार्गाची शिकवण ऐकायची. पुढे तिसऱ्या शतकाच्या सुमारास रोमकडच्या परंपरेत ही तयारी तीन वर्षांपर्यंत लांबली. उमेदवार विधवांना भेटतो का, आजाऱ्यांकडे जातो का, हे विचारले जाई.

मग उलट प्रवाहही आला. बाप्तिस्म्याने मागची सगळी पापे धुतली जातात, तर तो जितका उशिरा तितका फायद्याचा, असा हिशेब लोक करू लागले. सम्राट कॉन्स्टंटाईनने ३३७ साली मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. या हिशेबात रोजच्या विश्वासाला जागाच उरत नाही. मार्टिन ल्यूथरने १५२९च्या लहान प्रश्नोत्तरीत याला सरळ उत्तर दिले. पाण्यात बुडण्याची खूण ही माणसातल्या जुन्या स्वभावाला रोज पश्चात्तापाने बुडवण्याची खूण आहे, असे त्याने शिकवले. एकदाचे आणि रोजचे यांचा सांधा इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी क्वचितच जुळवला असेल.

खानदेशी वाचकाला तीर्थस्नान ठाऊक आहे. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर लोक वर्षानुवर्षे जातात, पुन्हा पुन्हा बुडी घेतात. बाप्तिस्म्याची जात ती नव्हे. त्याच्या अधिक जवळ जाते ते वारकऱ्याचे माळ घालणे. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरीला जाणारा माणूस माळ एकदा घालतो, पण त्या माळेमागे एकादशी, वारी, मांसमद्याचा त्याग, नामस्मरण असा रोजचा आणि वर्षाचा नेम लागून येतो. माळ घालून नेम न पाळणाऱ्याला गाव काय म्हणते, ते सर्वांना माहीत आहे. साम्य इथवर. भेद असा की बाप्तिस्मा माणूस स्वतःचा स्वतः घेऊ शकत नाही, तो दुसऱ्याच्या हातून मिळावा लागतो. आणि ख्रिस्ती समजुतीप्रमाणे नेम मोडला तरी तो रद्द होत नाही, पुन्हा द्यावा लागत नाही.

भूगोलाने ठरवलेली पद्धत

तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की समजत्या वयात स्वतःच्या कबुलीने घ्यावा, शिंपडावे की बुडवावे, हा वाद १५२५ साली झुरिकमध्ये पेटला आणि त्यात माणसे मारली गेली. खानदेशात तो शांतपणे आला, आगगाडीने.

मिशनसंस्थांनी एकमेकींच्या क्षेत्रात न शिरण्याचा समझोता केला होता. अहमदनगर जिल्हा अमेरिकन मराठी मिशन आणि अँग्लिकन मिशनकडे, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणाऱ्यांकडे राहिला. पूर्व खानदेश, म्हणजे जळगाव, भुसावळ, चाळीसगाव हा भाग, वऱ्हाडाबरोबर ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे आला. या संस्थेचा संस्थापक ए. बी. सिम्पसन, आणि तिचे मराठी मुलखातले ठाणे अकोला. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून फ्रेडरिक फ्रान्सनच्या प्रेरणेतून निघालेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसे भिल्ल-मावची वस्त्यांत पोचली. अलायन्स नावाच्या या दोन्ही धारा समजत्या वयातला, बुडवून दिलेला बाप्तिस्मा मानणाऱ्या. तान्ह्या मुलाचे त्यांच्याकडे समर्पण होते, बाप्तिस्मा नाही. कॅथोलिकांची व्यवस्था याहून वेगळी. त्यांच्या बालबाप्तिस्म्यानंतर प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण असे टप्पे आहेत, आणि १९८७पासून खानदेश त्यांच्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो.

थोडक्यात, खानदेशी माणसाने बुडून बाप्तिस्मा घ्यावा की शिंपडून, हे पुष्कळदा शास्त्राने न ठरता जिल्ह्याच्या हद्दीने ठरले. ही गोष्ट मनात धरली की वादातला आवेश बराच उतरतो.

आता नगरहून रेल्वेच्या नोकरीवर भुसावळला आलेले कुटुंब घ्या. नवरा-बायको दोघांचा बाप्तिस्मा पाळण्यातला, पुढे दृढीकरण झालेले, घरात रोज प्रार्थना. भुसावळच्या मंडळीत ते येतात आणि प्रश्न निघतो : यांना पुन्हा पाण्यात उतरवायचे का? उतरवले तर त्यांच्या आईबापांची श्रद्धा आणि त्यांची स्वतःची इतक्या वर्षांची चाल खोटी ठरते. न उतरवावे तर मंडळीची शिकवण सैल पडते. यावर विचारपूर्वक काढलेली एक वाट आपल्याच राज्यात तयार झाली आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते. या मंडळीने दोन्ही रिवाज समान मानले : बालबाप्तिस्मा आणि पुढे स्वतःच्या तोंडची कबुली, किंवा लहानपणी समर्पण आणि पुढे कबुलीसह बाप्तिस्मा. १९८२ साली लिमा येथे जागतिक चर्च परिषदेच्या विद्वानांनी बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवकपद यांवर जो मसुदा मान्य केला, त्याचाही कल असाच आहे. दोन्ही वाटांवर त्याच तीन गोष्टी घडायच्या असतात : मंडळीने स्वीकारणे, वाढवणे, आणि माणसाने स्वतः हो म्हणणे. क्रम तेवढा बदलतो. माझ्या मते भुसावळच्या त्या कुटुंबाला पुन्हा पाण्यात उतरवू नये. त्यांची साक्ष ऐकावी आणि त्यांना प्रभुभोजनाच्या मेजावर बसवावे.

दोन सीमारेषा

चर्चची सीमारेषा बाप्तिस्म्याच्या पाण्यात आहे. हिंदू समाजाची सीमारेषा दुसऱ्याच पाण्यात होती, पिण्याच्या. हा फरक न ओळखल्याने दोन्हीकडे गैरसमज झाले.

१८४३ सालचे मुंबईतले शेषाद्री प्रकरण याचे ठसठशीत उदाहरण. नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, मिशनऱ्यांकडे राहत होता. प्रकरण कोर्टात गेले आणि मुलगा बापाच्या ताब्यात दिला गेला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. तरी तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, म्हणून त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणवर्गात रणे माजली. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावे अशी बाजू धरली आणि तिचा त्रास सोसला. चर्चच्या लेखी जे घडलेच नव्हते, ते जातीच्या लेखी जेवणाच्या ताटावर घडून गेले होते.

लक्ष्मीबाई टिळकांची कथा याच दोन पाण्यांमधली आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी दुरावली. १८६६च्या कायद्याने धर्मांतरित नवऱ्याला अशा परिस्थितीत विवाह मोडून घेण्याची वाट मोकळी करून दिली होती. सहा महिन्यांचा सलग दुरावा पुरत होता. टिळकांनी ती वाट धरली नाही, वाट पाहिली. लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे आल्या त्या सोवळे-ओवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे की त्यांच्यात बदल झाला तो प्रवचन ऐकून नव्हे. विटाळाचे ते बांधकाम स्वतःच तपासता तपासता एके दिवशी त्यांना ते माणसांनी रचलेले दिसले, आणि त्यांनी कुणाच्याही हातचे घ्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. त्यांच्या बाबतीत रोजचे आधी बदलले आणि एकदाचे मागून आले.

पाण्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचा क्रम याच्या अगदी उलटा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे, मुलगी मनोरमेसह, त्यांनी अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर जे सुरू झाले त्याची कल्पना त्यांच्या धर्मभगिनी गुरूंना नव्हती. बिशप सांगतात म्हणून मानायचे हे रमाबाईंना कबूल नव्हते. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चची सत्ता, गळ्यातल्या क्रूसावरची लॅटिन अक्षरे, जेवणातला शाकाहार, अशा एकेका गोष्टीवर त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार म्हणजे नव्या ख्रिस्ती माणसाच्या वाढीचा मराठी मुलखातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे, असे मी म्हणेन.

रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत कबूल केले की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म पटला होता, ख्रिस्त भेटला नव्हता. ती भेट त्यांच्या मते आठेक वर्षांनी, १८९१च्या सुमारास झाली. त्याला निमित्त झाले विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त. हा माणूस अनेक वर्षे उपदेश करत होता आणि नंतर आपल्याच प्रवचनाने त्याचे मन पालटले. मधल्या काळात, १८८९ साली, रमाबाईंनी शारदासदन उघडले होते. म्हणजे सेवा चालू होती, नाव ख्रिस्ती होते, वाद चालू होते, आणि आतली गाठ अजून सुटायची होती.

या आठ वर्षांचे काय करायचे? काटेकोर माणूस म्हणेल की १८८३चा बाप्तिस्मा अकाली झाला. मला तसे वाटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत एकच क्रम सापडत नाही : कूशी अधिकाऱ्याला वाटेतल्या पाण्यात लगोलग बाप्तिस्मा मिळतो, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला त्याच रात्री घरच्यांसकट, आणि कर्नेल्याच्या घरी आत्मा आधी उतरतो, पाणी मागून आणतात. लक्ष्मीबाईंची वाढ पाण्याआधीची, रमाबाईंची पाण्यानंतरची. दोघींत समान काय, तर दोघींना वेळ मिळाला. एकीला नवऱ्याने दिला, दुसरीने भांडून मिळवला.

ज्यांना वेळ मिळाला नाही आणि भांडण्याची ताकदही नव्हती, त्यांचे काय होते हे जे. वॉस्कम पिकेट यांच्या १९३३च्या अभ्यासात दिसते. भारतातल्या सामुदायिक धर्मांतरांची त्यांनी पाहणी केली. जमीनदाराच्या जाचापासून सुटका, मुलांची शाळा, नातेवाइकांनी घेतला म्हणून, अशी कारणे सांगणारे असंख्य होते. टीकाकारांचा आक्षेप असतो की असल्या कारणांनी घेतलेला बाप्तिस्मा पोकळ. पिकेट यांना आढळले ते वेगळे. मूळ हेतू काय होता यापेक्षा बाप्तिस्म्यानंतर शिकवण आणि पाळकी सांभाळ किती मिळाला, यावर लोकांची वाढ अधिक अवलंबून होती. हा निष्कर्ष मिशनविरोधकांना अडचणीचा आहे, आणि मिशनवाल्यांना त्याहून अधिक. नंतर शिकवले नाही, तर मूळ हेतूला दोष देऊन कुणालाच सुटता येत नाही.

हे ज्याला सर्वांत आधी कळले तो मराठीचा एक परदेशी भक्त होता. सोळाव्या शतकात गोव्यात गावेच्या गावे बाप्तिस्म्याखाली आली, जोरजबरीच्या छायेत. देवळे गेली, पुराणकथा गेल्या, आणि संध्याकाळी ऐकायला काही उरले नाही. ती पोकळी फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओळखली. १६१६ साली राचोल येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’, सुमारे ११ हजार ओव्यांचे, बाप्तिस्मा झालेल्यांसाठी लिहिलेले आहे. मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ धर्मांतर घडवण्यासाठी नव्हता, धर्मांतरितांच्या रोजच्या श्रवणासाठी होता. गोव्याच्या त्या बाप्तिस्म्यांचे समर्थन मी करणार नाही. स्टीफन्सने घेतलेली जबाबदारी मात्र पुढच्या कितीतरी मिशनांनी घेतली नाही.

कानबाईचे रोट

रोजचा विश्वास म्हटले की मंडळीत ठरलेली यादी ऐकू येते : सकाळी शास्त्रवाचन, कौटुंबिक प्रार्थना, रविवारची उपासना, प्रभुभोजन, दशांश, उपवास-प्रार्थना, साक्ष. यादी बरोबर आहे. यातली बहुतेक कामे घराच्या किंवा प्रार्थनामंदिराच्या चार भिंतींत होतात, आणि त्यांवर पुस्तके भरपूर आहेत. खानदेशातली खरी परीक्षा श्रावणात होते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. नारळाला साजशृंगार होतो, रात्री गाणी, दुसऱ्या दिवशी विसर्जन. रोटांसाठी धान्य काढायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, प्रत्येकाचे सव्वा मूठ. भाऊबंद त्यासाठी दूरगावांहून येतात, आणि वर्षभराचे अबोले त्या पंगतीत मिटतात. आता तीन भावांतल्या मधल्याने बाप्तिस्मा घेतला आहे. त्याच्या नावाची मूठ काढायची का? थोरल्या वहिनीने काढली तर तो ते रोट खाईल का? आणि नाही काढली, तर तो भाऊबंदकीतून गेला असे समजायचे का?

हा प्रश्न इंग्रजी पुस्तकांत नाही, पण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा आहे. पौल तिथे तीन प्रसंग वेगळे करतो. बाजारातले मांस चौकशी न करता घ्यावे. मित्राच्या घरी वाढलेले खावे. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कुणी मुद्दाम सांगितले तर सांगणाऱ्याच्या मनासाठी थांबावे. मूर्तीच्या मेजावर सहभागी होऊन मात्र बसू नये. शिवाय, ज्याला ज्ञान आहे त्याने दुबळ्या मनाच्या भावाला अडखळण होऊ नये.

या कसोटीने खानदेशी सण वेगवेगळे पाहता येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. यात ख्रिस्ती लेकीने न जाण्यासारखे काही नाही. तिने जरूर जावे. त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर पुजली जाते, तिथे तिने हात जोडून बाजूला उभे राहावे. पोळ्याला बैल धुणे, रंगवणे, त्याला विश्रांती देणे हे शेतकऱ्याचे कृतज्ञतेचे काम आहे. कानबाईचे रोट यांहून कठीण, कारण तिथे जेवण, नाते आणि पूजा यांचा एकच गोळा झालेला आहे. माझे मत असे की मधल्या भावाने स्वतःच्या नावाची मूठ काढू नये असे नम्रपणे आधी सांगावे, आणि त्या दिवशी गावी जाऊन मांडव, पाणी, धावपळ सगळे अंगावर घ्यावे. दुसरे कुणी वेगळा निर्णय देईल. आक्षेप वेगळ्या निर्णयाला नाही. आक्षेप याला आहे की बाप्तिस्म्याआधीच्या वर्गात हा प्रश्न निघतच नाही, आणि नवा माणूस श्रावणात एकटा सापडतो. मग तो गुपचूप खातो, नाहीतर भांडून येतो. दोन्हींत त्याच्या विश्वासाचे नुकसान आहे.

नवापूर-नंदुरबारच्या मावची आणि भिल्ल मंडळ्यांत हेच प्रश्न मोहाच्या दारूवरून, होळीवरून आणि आजारपणात बोलावल्या जाणाऱ्या भगतावरून येतात. तिथे एक गोष्ट बरी आहे. वस्तीतली अनेक घरे एकत्र आलेली असल्याने निर्णयही एकत्र होतात. दारू सोडणे एकट्याला जड जाते, पाड्याला कमी. दारूबंदीची अशी सामुदायिक लाट त्याच टापूत १९३०च्या दशकाच्या अखेरीस गुलाम महाराजांच्या आप चळवळीनेही आणली होती. ती ख्रिस्ती नव्हती. सामुदायिक नेमाची ताकद कुठल्याही एका धर्माच्या मालकीची नाही, एवढे त्यावरून समजावे.

भाषेचाही प्रश्न आहे. उपासना प्रमाण मराठीत, घर अहिराणी, लेवा किंवा मावचीत. पापाची कबुली शुद्ध भाषेत आणि भांडण बोलीत असे चालते, तोवर प्रार्थना रविवारच्या कपड्यांसारखी राहते.

कागदावरचा बाप्तिस्मा

सरकारला बाप्तिस्मा फार महत्त्वाचा वाटतो. १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. शीख आणि बौद्धांसाठी हा आदेश पुढे बदलला, ख्रिस्ती-मुस्लिमांसाठी नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. परिणाम असा की नवापूरचा मावची बाप्तिस्म्यानंतर आदिवासीच राहतो, आणि जळगावच्या दलित वस्तीतला माणूस त्याच विधीने सवलती गमावतो. म्हणून काही घरांत दोन नावे, दोन कागद चालतात. २६ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेचा जातदाखल्याचा दावा फेटाळला, तेव्हा तिचा बालपणीचा बाप्तिस्मा आणि तिचे नियमित चर्चला जाणे, दोन्ही विचारात घेतले. गंमत अशी की एकदाचे आणि रोजचे, दोन्ही एकत्र तपासणारे कुणी भेटले ते न्यायालयात. दुहेरी कागदाच्या खोटेपणाला मी विश्वासाची वाढ म्हणणार नाही. पण त्या खोटेपणाकडे ढकलणारा कायदा न्याय्य आहे, असेही म्हणवत नाही.

दरबाराचा आक्षेप

मग एक सरळ आक्षेप उरतो. वजन जर रोजच्यावर आहे, तर एकदाचे हवे कशाला? हा आक्षेप बाहेरच्या कुणी घेतलेला नाही, रेव्हरंड टिळकांनीच घेतला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य यावेत असे ठरवले.

त्यांच्यासमोर उदाहरण खानदेशचेच असणार, असे मला नेहमी वाटते. १९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणून गेला, ‘बालकवी’ ठरला, आणि टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेले. ठोमरे त्या ख्रिस्ती घरात मुलासारखे राहिले, रुसले, परत आले. ख्रिस्ती मात्र झाले नाहीत, आणि टिळकांचे प्रेम त्यामुळे आटले नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. वर्षभराने, ९ मे १९१९ला, टिळक गेले, आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

न टिकण्याचे कारण मला असे दिसते. टिळकांनी मिशनच्या पगारी, आकडेमोडी ख्रिस्तीपणावर घेतलेला आक्षेप अचूक होता. पण बाप्तिस्मा न मागणाऱ्या मंडळात माणसाला जबाबदार कोण धरणार, आणि त्याची जबाबदारी कोण घेणार, हे मोघम राहते. बाप्तिस्म्यात माणूस कबुली देतो तशी मंडळीही देते : आम्ही याला वाढवू. ही दुसरी कबुली सर्वांसमोर दिली जाते, म्हणून विधी हवा. आणि ती पाळली जात नसेल तर तक्रार विधीबद्दल नसून मंडळीबद्दल आहे.

तेव्हा जळगाव, धुळे, भुसावळ, नवापूरच्या पाळकांना आणि वडीलजनांना एक विनंती. बुडवणे-शिंपडणे हा वाद तीसेक वर्षे बाजूला ठेवा. बाप्तिस्म्याआधी किमान एक पूर्ण वर्ष शिकवा. त्यात एक आखाजी आणि एक श्रावण येऊ द्या. नंतरची दोन वर्षे प्रत्येक नव्या घराला मंडळीतले एक जुने घर नेमून द्या, शक्यतो तीच बोली बोलणारे. आणि नोंदवहीत बाप्तिस्म्याच्या तारखेपुढे त्या घराचे नाव लिहा.